कोऱ्या कॅसेटवरचा कर

१९८९ साली ऑस्ट्रेलियाच्या संसदेने कॉपीराइट कायद्यात एक दुरुस्ती केली. घरी कॅसेटवर गाणी उतरवून घेणं तोवर कायद्याच्या दृष्टीने हक्कभंग होता आणि तरीही घरोघर चालू होता. दुरुस्तीने त्याला मोकळीक दिली आणि त्या बदल्यात कोऱ्या कॅसेटच्या विक्रीवर एक रक्कम बसवली. ती भरायची कॅसेट बाजारात आणणाऱ्या विक्रेत्याने. दर ठरवायचा कॉपीराइट न्यायाधिकरणाने. पैसे सरकारकडे यायचेच नव्हते. ते थेट हक्कधारकांच्या एका संस्थेकडे जायचे आणि तिथून संगीतकार, ध्वनिमुद्रण कंपन्या यांच्यात वाटले जायचे. कायद्याने या रकमेला नाव दिलं होतं 'रॉयल्टी'.

वरवर पाहता यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. श्रोत्याला मोकळीक मिळाली, कलावंताला पैसे मिळाले, सरकारी तिजोरीला हातही लागला नाही. पण कॅसेट बनवणाऱ्यांच्या संघटनेने एक साधा प्रश्न घेऊन उच्च न्यायालय गाठलं (ऑस्ट्रेलियात सर्वोच्च न्यायपीठाचं नाव हेच आहे). आम्ही कुणाचंही गाणं उतरवलेलं नाही, मग आम्ही ही रॉयल्टी कसली भरायची? १९९३ मध्ये चार विरुद्ध तीन अशा बहुमताने निकाल लागला: ही रॉयल्टी नव्हे, हा कर आहे. आणि कर असल्यामुळे ही तरतूद टिकत नाही.

'कर' हा शब्द चिकटताच तरतूद का कोसळावी, हे समजायला ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेची दोन कलमं पाहावी लागतात. कलम ५३ म्हणतं की कर बसवणारं विधेयक वरिष्ठ सभागृहात सुरू होणार नाही आणि त्या सभागृहाला त्यात दुरुस्तीही करता येणार नाही. कलम ५५ म्हणतं की कर बसवणाऱ्या कायद्यात फक्त कराचाच विषय असावा. दोन्ही कलमं एकमेकांना धरून आहेत. वरिष्ठ सभागृहाचे हात करविधेयकापुरते बांधलेले असतील, तर कनिष्ठ सभागृह त्याच विधेयकाच्या शेपटीला भलतंसलतं काही बांधून ते बिनदुरुस्तीचं पुढे ढकलू शकतं. ती वाट कलम ५५ बंद करतं. कॅसेटवरची रक्कम मात्र थेट कॉपीराइटच्या सर्वसाधारण कायद्यात घुसवलेली होती. गंमत अशी की कलम ५५ अक्षरशः वाचलं तर कर शिल्लक राहतो आणि कायद्यातल्या बाकीच्या गोष्टी रद्द होतात, म्हणजे एका कॅसेटपायी अख्खा कॉपीराइट कायदा बुडायचा. न्यायालयाने तारतम्य ठेवलं आणि नव्याने घातलेला तुकडा तेवढा काढून टाकला.

खरा वाद होता व्याख्येचा. १९३८ मध्ये चिकोरीच्या (कॉफीत मिसळतात त्या मुळाच्या) लागवडीवर बसवलेल्या पट्टीचं एक प्रकरण याच न्यायालयापुढे आलं होतं. तेव्हा मुख्य न्यायाधीश लेथम यांनी कराची व्याख्या केली: सार्वजनिक सत्तेने सार्वजनिक कारणासाठी सक्तीने घेतलेला, कायद्याने वसूल करता येणारा आणि कोणत्याही सेवेचा मोबदला नसलेला पैसा. कॅसेटच्या प्रकरणात 'सार्वजनिक सत्ता' कुठे होती? पैसे घेणारी संस्था तर खासगी. अल्पमतातल्या न्यायाधीशांनी याच मुद्द्यावर बोट ठेवलं. सरकारच्या तिजोरीत न येणारा पैसा कर कसा? संसदेने फक्त दोन खासगी पक्षांमध्ये एक देणं निर्माण केलं, एवढंच. हा युक्तिवाद हलका नाही. तीन न्यायाधीशांना तो पटला होता आणि कागदावर तो अधिक नीटनेटकाही दिसतो.

तरीही मला बहुमताचंच म्हणणं बरोबर वाटतं. पैसा कुणाच्या खिशात पडतो यावर कर की नाही हे ठरवायचं म्हटलं, तर सरकारला कर वसूल करण्याची सर्वांत सोपी पळवाट मिळते: स्वतः हात पुढे करायचा नाही, लाभार्थ्यालाच करायला सांगायचा. एका कायद्याने 'अ'ने 'ब'ला दरवर्षी इतके पैसे द्यावेत असं फर्मान काढायचं. अर्थसंकल्पात त्याची नोंद नाही, लेखापरीक्षण नाही, सभागृहात मागणीवर चर्चा नाही. बहुमताने विचारलं ते असं: विक्रेत्याला या पैशाच्या बदल्यात काय मिळतं? त्याने कॉपी केलेली नाही, त्याला कसली परवानगी नको आहे आणि त्याच्यासाठी कुणी काही कामही केलेलं नाही. घरगुती कॉपीचा सामाजिक प्रश्न सोडवायचा म्हणून संसदेने त्याला बोटाने निवडलं आहे. प्रश्न सार्वजनिक, सक्ती सार्वजनिक, तर मग रक्कम खासगी कशी?

इथे थोडं मागे जावंसं वाटतं. इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सने १६३० च्या दशकात संसदेला न विचारता 'जहाजपट्टी' वसूल केली, जॉन हॅम्पडेनने ती भरायला नकार दिला, खटला राजाने जिंकला आणि पुढे यादवी युद्ध पेटून राजाचाच शिरच्छेद झाला. त्या सगळ्या रक्तपातानंतर १६८९ च्या हक्कांच्या सनदेत जे वाक्य आलं, त्याचा आशय असा की राजासाठी किंवा राजाच्या वापरासाठी संसदेच्या मंजुरीवाचून पैसा उभारणं बेकायदा. 'राजाच्या वापरासाठी' हे शब्द मला नेहमी बारकाईने वाचावेसे वाटतात. सनद लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पैसा ओरबाडणारा म्हणून राजाच होता. सत्ताधाऱ्याने स्वतःसाठी काही न घेता, तिसऱ्याच्या वापरासाठी दुसऱ्याच्या खिशात हात घालावा, ही कल्पना त्यांना सुचलीच नसावी. आजच्या लेव्ही (कॅसेटवरच्या रकमेसारख्या सक्तीच्या पट्ट्या) नेमक्या त्या मोकळ्या जागेत उगवल्या आहेत.

'हा कर नव्हेच' असं म्हणणाऱ्यांपुढे आणखी एक खड्डा असतो. कर नसेल, सेवेचं शुल्क नसेल, कराराचं देणं नसेल, तर उरतं काय? एकाची मालमत्ता काढून दुसऱ्याला देणं. १७९८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती चेस यांनी विधिमंडळाच्या अधिकाराबाहेरच्या गोष्टींची उदाहरणं देताना नेमकं हेच उदाहरण दिलं होतं: 'अ'कडून मालमत्ता घेऊन ती 'ब'ला देणारा कायदा. ऑस्ट्रेलियाच्या घटनेतही मालमत्ता संपादन करायची तर न्याय्य अटींवर, असं कलम आहे, आणि कॅसेटवाल्यांनी तोही मुद्दा मांडला होता. म्हणजे 'कर' म्हणवून घ्यायचं टाळावं तर 'संपादन' गळ्यात येतं. कर म्हणवून घेणं हा खरं तर सभ्य मार्ग आहे. त्याला घटनेने दार ठेवलंय, फक्त ते दार समोरचं आहे.

मग सगळ्याच सक्तीच्या देण्यांना कर म्हणायचं का? नाही. २००२ मध्ये त्याच न्यायालयापुढे मुलांच्या पोटगीची योजना आली. विभक्त झालेल्या पालकाकडून सरकारी यंत्रणा पैसे वसूल करायची आणि मूल सांभाळणाऱ्या पालकाला द्यायची. इथे तर पैसा सरकारच्या हातातून जात होता, तरीही न्यायालयाने त्याला कर मानलं नाही, कारण पालकाचं मुलाप्रती देणं आधीपासूनच होतं आणि योजनेने त्याच देण्याला नवं रूप दिलं होतं. ही दोन प्रकरणं शेजारी ठेवली की रेषा दिसते. पैसा कुठून कुठे जातो यापेक्षा ऋण मुळात कुणाचं होतं हे पाहायचं. घरी गाणी उतरवणाऱ्याचं गायकाप्रती काही देणं आहे असं मानता येईल. कोऱ्या कॅसेटच्या विक्रेत्याचं नाही. आणि कॅसेटवर आजोबांच्या आठवणी किंवा वर्गातलं व्याख्यान नोंदवणाऱ्याचं तर मुळीच नाही, पण किमतीतून शेवटी त्याच्याही खिशाला चाट बसणारच.

कॅनडाने हाच प्रश्न उलटा सोडवला. तिथे १९९७ च्या दुरुस्तीने खासगी कॉपीची लेव्ही आली. १८६७ च्या घटनाकायद्याचं कलम ५३ तिथेही करविधेयक कनिष्ठ सभागृहातच सुरू व्हावं असं सांगतं. शिवाय लेव्हीचा दर कॉपीराइट मंडळ ठरवतं, संसद नव्हे. म्हणजे आव्हानाला जागा होती. पण २००४ मध्ये फेडरल अपील न्यायालयाने लेव्हीला कर मानलं नाही. संसदेच्या कॉपीराइटविषयक अधिकारातली ही नियामक व्यवस्था आहे, असं धरून ती वैध ठरवली. त्याच निकालात एक दुसरी गोष्ट मात्र पडली. मंडळाने एमपी३ प्लेअरवर क्षमतेनुसार २ ते २५ डॉलर लेव्ही लावली होती. 'ध्वनिमुद्रणाचं माध्यम' या शब्दांत प्लेअरच्या आतली मेमरी बसत नाही, म्हणून न्यायालयाने ती काढून टाकली.

कॅनडाचा 'नियामक व्यवस्था' हा दुवा मला सैल वाटतो. नियमन कुणाचं चाललंय? गाणी उतरवणाऱ्याचं वर्तन लेव्हीने बदलत नाही, त्याला तर मोकळीकच दिलेली आहे. विक्रेत्याचंही नियमन होत नाही, तो फक्त पैसे गोळा करणारा हस्तक. 'व्यवस्था' हा शब्द इतका ताणला, तर उद्या कोणताही कर कुठल्या ना कुठल्या व्यवस्थेचा भाग म्हणून दाखवता येईल. आणि लोकांनी न्यायालयाचं ऐकलं का? काही वर्षांनी प्लेअरवर पुन्हा लेव्ही लावण्याची मागणी आली, तेव्हा सत्ताधारी पक्षाने तिला 'आयपॉड टॅक्स' म्हणून झोडपलं आणि विषय संपला. न्यायालयात जो कर नव्हता तो निवडणुकीच्या राजकारणात कर निघाला. सामान्य माणूस व्याख्या करत नाही. पावतीवर रक्कम दिसली आणि नाही म्हणता आलं नाही, की त्याच्या लेखी तो कर.

युरोपात चित्र वेगळं आहे आणि माझ्या म्हणण्याला खरी कसोटी तिथेच लागते. जर्मनीने १९६५ च्या कायद्यात ध्वनिमुद्रण यंत्रांवर असा मोबदला बसवून ही प्रथा सुरू केली. पुढे २००१ च्या युरोपीय निर्देशाने सदस्यदेशांना सांगितलं की खासगी कॉपीला सूट द्यायची असेल तर हक्कधारकांना 'रास्त भरपाई' मिळाली पाहिजे. भरपाई हा शब्द युरोपीय न्यायालयाने गांभीर्याने घेतला. बार्सिलोनाच्या परिसरातल्या पदवान नावाच्या एका कंपनीकडे हक्कसंस्थेने सीडी, डीव्हीडी आणि प्लेअरच्या विक्रीपोटी १६,७५९ युरो आणि काही सेंट मागितले होते. २०१० मध्ये न्यायालयाने म्हटलं की लेव्ही ही खासगी कॉपीने होणाऱ्या हानीशी जोडलेली असली पाहिजे. कार्यालयं आणि व्यवसाय ज्या डिस्क विकत घेतात त्यांच्यावर ती सरसकट लावता येणार नाही. पुढे २०१७ मध्ये पोलंडहून आलेल्या प्रकरणात त्याच न्यायालयाने ठरवलं की या लेव्हीवर मूल्यवर्धित कर लागत नाही, कारण हक्कधारक विक्रेत्याला कोणतीही सेवा देतच नाहीत. म्हणजे किंमत नाही, शुल्क नाही. उरते ती हानीची भरपाई, आणि तेवढ्याच धाग्यावर युरोपातली लेव्ही कर होण्यापासून वाचलेली आहे.

आता स्पेन. २०११ च्या अखेरीस स्पेनने लेव्ही रद्द केली आणि भरपाई सरकारच्या अर्थसंकल्पातून द्यायचं ठरवलं. मी वर ज्याची तरफदारी करतोय तेच हे: समोरचं दार, उघड कर, उघड खर्च. झालं काय? भरपाईची रक्कम पूर्वीच्या मानाने अगदीच किरकोळ झाली, वर्षाला सुमारे ५० लाख युरोंवर आली. हक्कसंस्था न्यायालयात गेल्या आणि २०१६ मध्ये युरोपीय न्यायालयाने ही पद्धत निर्देशाशी विसंगत ठरवली. कारण विचार करण्यासारखं आहे: अर्थसंकल्पात सगळ्यांचा पैसा एकत्र येतो, त्यात कंपन्यांचाही असतो, त्यामुळे भरपाईचा बोजा शेवटी कॉपी करणाऱ्यांवरच पडतो याची खात्री राहत नाही. २०१७ मध्ये स्पेन पुन्हा लेव्हीकडे वळला.

लेव्हीच्या समर्थकांचा सर्वांत जोरदार मुद्दा यातूनच निघतो. कलावंताचं देणं अर्थसंकल्पात टाकलं की ते दर वर्षी मंत्र्याच्या मर्जीवर येतं. मंदी आली की पहिली कात्री त्यालाच. लेव्ही त्या कात्रीपासून लांब असते. खरं आहे. पण हे वाक्य उलटून वाचलं तर काय म्हणतंय? लोकप्रतिनिधींना कमी करता येणार नाही अशा ठिकाणी ही रक्कम ठेवली आहे. घटनेतली करविषयक कलमं ज्या गोष्टीसाठी लिहिली गेली, तीच गोष्ट टाळणं हा लेव्हीचा गुण म्हणून सांगितला जातोय. मला कलावंतांच्या बाजूने वाद घालायला आवडतं, पण हा युक्तिवाद मी करणार नाही, कारण तोच उद्या सिमेंटवाले, साखरवाले आणि विमा कंपन्याही करतील.

फ्रान्सकडे बघितलं की हे आणखी स्पष्ट होतं. तिथे दर ठरवणाऱ्या आयोगावर चोवीस प्रतिनिधी असतात: बारा हक्कधारकांचे, सहा उत्पादक-आयातदारांचे, सहा ग्राहकांचे. घेणाऱ्यांच्या निम्म्या जागा. वर, जमा रकमेचा एक चतुर्थांश भाग हक्कधारकांना वैयक्तिक न देता सांस्कृतिक उपक्रमांवर खर्च करावा लागतो. महोत्सव होतात, तरुण कलावंतांना मदत मिळते, सगळं चांगलंच. पण ज्या क्षणी पैसा 'ज्याची हानी झाली त्याला' या वाटेवरून उतरून 'संस्कृतीच्या भल्याला' या वाटेला लागतो, त्या क्षणी भरपाईचा धागा तुटतो. हानी मोजून ठरवलेल्या रकमेचा पाव भाग जर हानी न झालेल्याला द्यायला मोकळा असेल, तर मोजमाप तरी कुठे बरोबर होतं? तेवढ्या भागापुरता तो सांस्कृतिक कर आहे आणि तो ठरवायला खाजगी पक्षांचा आयोग बसवलेला आहे. ऑस्ट्रियाच्या कायद्यात तर निम्मा भाग सामाजिक आणि सांस्कृतिक संस्थांकडे जात होता, आणि युरोपीय न्यायालयाने २०१३ मध्ये काही अटींवर तेही चालवून घेतलं. इथे न्यायालयाने स्वतःचीच कसोटी पातळ केली असं माझं मत आहे.

भारतात कोऱ्या माध्यमांवर अशी लेव्ही नाही. खासगी वापरासाठीचा 'रास्त व्यवहार' (मर्यादित, प्रामाणिक वापर) इथला कायदा फुकट चालवून घेतो. पण कर आणि शुल्क यांतला भेद इथेही जुना आहे, आणि योगायोग असा की त्याचा पाया लेथम यांच्या चिकोरीच्या व्याख्येवरच उभा आहे. १९५४ मध्ये उडुपीच्या शिरूर मठाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीच व्याख्या उचलली आणि मद्रासच्या कायद्याने मठांकडून घ्यायची वर्गणी शुल्क नसून कर ठरवली. ती सरकारच्या निधीत मिसळून जात होती आणि खर्चाशी तिचा काही मेळ नव्हता. पुढे ही कसोटी सैल होत गेली. बांधकाम मजुरांच्या कल्याणासाठी बांधकामखर्चावर घेतला जाणारा उपकर २०११ मध्ये शुल्क म्हणून टिकला. बिल्डर आणि त्याच्या कामावर राबणारा मजूर यांच्यात निदान नातं तरी असतं, म्हणून मला तो निकाल फारसा खटकत नाही.

हे सगळं आता नव्याने उकरायची वेळ आली आहे. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या समितीने एआय आणि कॉपीराइटवर एक कार्यपत्रिका मांडली. प्रशिक्षणासाठी सर्व साहित्य वापरायचा सक्तीचा परवाना, लेखक-कलावंतांना नकाराधिकार नाही, बदल्यात एआय कंपन्यांनी एका मध्यवर्ती संस्थेकडे रॉयल्टी भरायची, दर सरकारनियुक्त समितीने ठरवायचा. रचना ओळखीची आहे, १९८९ चीच. फरक एक, आणि तो मोठा: इथे पैसे भरणारा स्वतःच कॉपी करणारा आहे. कॅसेटविक्रेत्याला जे म्हणता आलं ते एआय कंपनीला म्हणता येणार नाही. ऋण तिचंच आहे, त्यामुळे माझ्या कसोटीवर ही रक्कम कर न ठरता वापराचा मोबदला ठरू शकते. हे मी काहीशा अनिच्छेने म्हणतो, कारण नकाराधिकार काढून घेणं मला वेगळ्या कारणासाठी पटत नाही.

पण उत्पन्नाच्या टक्केवारीने रॉयल्टी लावली तर एक कंपनी आडवी येईल: जिने फक्त स्वतः विकत घेतलेला, परवाना काढलेला किंवा कॉपीराइट संपलेला मजकूर वापरून आपलं एआय मॉडेल घडवलं आहे. तिच्याकडून कशाचा मोबदला घ्यायचा? तिला सूट मिळवण्याची, मागून परतावा नव्हे तर आधीच बाहेर राहण्याची, सोय विधेयकात नसेल, तर तिच्यापुरती ती रॉयल्टी कॅसेटवरची रॉयल्टीच आहे. मग आपल्या राज्यघटनेचा अनुच्छेद २६५ लागू होईल, करासाठी कायद्याचा स्पष्ट आधार दाखवावा लागेल, दर ठरवायचं काम समितीवर सोपवताना संसदेने त्याला कोणती मर्यादा घातली हे विचारलं जाईल. आणि अनुच्छेद ११७ प्रमाणे असं विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीवाचून मांडता येत नाही आणि राज्यसभेत सुरूही होऊ शकत नाही. मसुदा लिहिणाऱ्याने 'रॉयल्टी' हा शब्द टाइप करण्याआधी निदान त्या एका कंपनीचं काय करायचं, एवढं ठरवून ठेवावं.